अकरा उपायांचं पाळीपत्रक

शोभाताईंची तिसरी केमो झाली तोवर घरात अकरा उपाय जमले होते. मग विष्णुपंतांनी पाळीपत्रक काढलं.

पाळीपत्रक म्हणजे कालव्याचं पाणी कुणाला, कोणत्या वारी, किती वाजता आणि किती वेळ मिळणार याचा तक्ता. विष्णुपंत निसळांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं हेच काम केलं होतं. त्यांच्या तक्त्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांवर फावडी उगारली, एका लग्नात नवरदेव मांडव सोडून बाऱ्यावर, शेतात पाणी धरायला, जाऊन उभा राहिला; पण तक्ता चुकला असं कुणी म्हणालं नाही. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत मात्र त्यांना वाटून द्यायला काही मिळालंच नव्हतं. मग शोभाताईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली.

गाठ काढली. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा केमो घ्यायच्या ठरल्या. "वेळेवर घ्यायच्या, खंड पडू द्यायचा नाही," असं नगरच्या डॉक्टर मनवा यांनी बजावलं. विष्णुपंतांनी मान डोलावली. वेळेचं त्यांना काय सांगायचं!

इकडे राहुरीत माणसं भेटायला यायला लागली. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जात नाहीत. ताप असेल तर बिस्किटपुडा चालतो, पाय मोडला तर शहाळं. पण कॅन्सरपुढे बिस्किटपुडा फारच किरकोळ दिसतो. म्हणून जो तो उपाय घेऊन आला. प्रत्येक उपायासोबत एक माणूसही यायचा. म्हणजे त्याची गोष्ट यायची. त्याला मुंबईनं घरी पाठवलेलं असायचं, नातेवाइकांनी लाकडं सांगून ठेवलेली असायची, आणि आज तो नांगर धरत असायचा. हा माणूस प्रत्यक्ष कुणालाच भेटलेला नव्हता. तो कायम सांगणाऱ्याच्या साडूच्या गावचा असायचा.

शेजारच्या बनुबाई गव्हांकुराचा रस आणायच्या. निवृत्त मास्तर कल्याणराव गोमूत्र अर्क द्यायचे. कालव्यावर विष्णुपंतांच्या हाताखाली पाणी सोडणारा जुना पाटकरी मच्छिंद्र रोज कडुनिंबावर चढून गुळवेल काढायचा. त्याच्या मते जमिनीवरची गुळवेल म्हणजे नुसती वेल. लेक निवेदितानं पुण्याहून कुरिअरनं हळदीच्या अर्काच्या गोळ्या पाठवल्या, त्यामागून ग्रीन टीच्या अर्काच्या. लक्ष्मणफळाची पानं होती, कोरफड होती, अश्वगंधा होती, आवळ्याचा रस होता, शेवग्याचा पाला होता. चुंबकावर रात्रभर ठेवलेलं पाणीही होतं. ते कुणी आणलं हे कुणालाच आठवत नव्हतं. पण एकदा सुरू केलेलं बंद कसं करायचं?

विष्णुपंतांचं सगळं अडलं ते इथंच. लाभधारक शेतकऱ्याचं पाणी तोडायचं नाही, पाळी बसवून द्यायची, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं. आणि एखादा उपाय त्यांनी बंद केला, नि नेमका तोच लागू पडणारा असला तर? हा प्रश्न त्यांनी कुणाला बोलून दाखवला नाही. पहाटे दात घासताना तो यायचा, मग ते जास्त वेळ दात घासायचे.

शोभाताई सगळं घ्यायच्या. तीस वर्षं शाळेत हेडबाई म्हणून वावरलेली बाई, नवऱ्यानं पुढे केलेला पेला मुकाट रिकामा करायची आणि म्हणायची, "झालं? लिहा वेळ."

मग उपायांचीच आपसात जुंपली. विष्णुपंतांनी रीतसर बैठक बोलावली.

"माझा रस उपाशीपोटीच पायजे," बनुबाई म्हणाल्या. "पोटात दुसरं गेलं की सत्व गेलं."

"अर्कही उपाशीपोटीच असतो," कल्याणराव म्हणाले. "शास्त्र आहे ते."

"मग बाईंना दोन पोटं करून आना," मच्छिंद्र म्हणाला. "आमचा काढा आपला कवाबी चालतो. गरीब औषध हाय."

"बाबा, माझ्या गोळ्या तुपाबरोबर द्यायच्या," निवेदिता फोनच्या स्पीकरवरून म्हणाली. "नाहीतर त्या अंगाला लागत नाहीत."

"तूप गेलं की अर्क मेला!" कल्याणराव फोनकडे बोट रोखून म्हणाले.

एवढ्यात शोभाताई दारात आल्या. डोक्याला रुमाल बांधलेला. "अहो, जरा वरणभात खाल्ला असता—"

"शोभा, बैठक चालू आहे. दहा मिनिटं."

त्या भिंतीला धरून परत गेल्या. बनुबाईंना विषम तारखा मिळाल्या, कल्याणरावांना सम. निवेदिताच्या गोळ्यांना सव्वाअकराची वेळ मिळाली. जेवणाच्या बाजूनं बैठकीला कुणीच हजर नव्हतं, त्यामुळे जेवण सव्वादोनला गेलं.

राहता राहिला दवाखाना. त्याचीही विष्णुपंतांकडे सोय होती. कालव्यावर लोक चोरून पाइप टाकतात, त्यांना डोंगळे म्हणतात. मोठे साहेब पाहणीला यायचे त्याच्या आदल्या दिवशी डोंगळे उचलले जायचे, जीप गेली की पुन्हा पाण्यात. कागदोपत्री कालवा स्वच्छ. तसंच पहिल्यापासून केमोच्या आदल्या दिवशी असतील तेवढे उपाय बंद, केमो झाली की पुन्हा चालू. "आणखी काही घेता का?" असं डॉक्टर मनवा दर वेळी विचारायच्या आणि विष्णुपंत दर वेळी म्हणायचे, "छे, काही नाही." त्या क्षणापुरतं ते अगदी खरं असायचं.

चौथ्या केमोच्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला आणि डॉक्टर मनवांनी मागचे रिपोर्ट काढून त्याच्याशेजारी ठेवले. वयानं त्या निवेदिताएवढ्याच असतील.

"काकू, आज केमो देता येणार नाही."

"का?" विष्णुपंतांनी विचारलं.

"लिव्हर दुखावलंय. आकडे नेहमीच्या सहापट आहेत. केमोनं होऊ शकतं, पण इतकं होईल असं मला वाटत नाही. आजार लिव्हरपर्यंत गेला असेल तरी होऊ शकतं. आजच स्कॅन करून घेऊ." त्यांनी पेन खाली ठेवलं. "घरी आणखी काही चालू आहे का? काढा, गोळ्या, काहीही?"

विष्णुपंतांनी शोभाताईंकडे पाहिलं. शोभाताईंनी डॉक्टरांकडे पाहिलं.

"नाही," शोभाताई म्हणाल्या.

बाहेर बाकावर दोघं स्कॅनच्या नंबराची वाट बघत बसले. समोर भिंतीवर फळांचं चित्र होतं. विष्णुपंतांनी त्यातली केळी दोनदा मोजली.

"तुम्ही 'नाही' असं का म्हणालात?" शेवटी त्यांनी विचारलं. घाबरले की ते बायकोला अहो-जाहो करायचे.

"तुमचं तोंड बघितलं म्हणून. साहेबांची जीप वळताना दिसावी तसं झालं होतं." शोभाताई थांबल्या. दमून थांबल्या. "तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून सांगितलं. आज या वयात डॉक्टरणीपुढे खोटं बोलले. चव वाईट आहे हो त्याची. तुमच्या अर्कापेक्षा वाईट."

"शोभा, मला वाटलं—"

"मला माहितीय तुम्हाला काय वाटलं. मला काय वाटतं ते विचाराल?"

"विचारतो की."

"मला मरायचं नाहीये. आता आत जा आणि सांगा."

विष्णुपंत उठले. डॉक्टरांच्या खोलीचं दार पुढे ढकलायचं होतं. त्यांनी ते दोनदा ओढलं.

पाळीपत्रकाची घडी ते खिशात घेऊनच हिंडायचे. डॉक्टर मनवांनी ती टेबलावर उलगडली. वेळा, मिलिलिटर, सम-विषम तारखा, शेरा. केमोच्या आदल्या दिवसाला लाल शाईत 'बंद'. डॉक्टरांनी त्या लाल शाईवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"पाहणीचा दिवस," विष्णुपंत म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांना पहिल्यांदाच ऐकू आलं आपण काय बोललो ते.

"काका, एवढं नेटकं लिहिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. आणि यातलं एक अक्षर मला कुणी सांगितलं नाही."

"चुकलं आमचं. पण मॅडम, यातलं नेमकं कशानं झालं? म्हणजे तेवढंच बंद करतो. बाकीचे..."

"अकरा माणसं एकदम खोलीत घुसली आणि आतलं कपाट पडलं. कुणी पाडलं ते मी कसं सांगू? गुळवेलीनं काही जणांचं लिव्हर बिघडतं. हळदीचा, ग्रीन टीचा अर्क, त्यांनीही होऊ शकतं. भाजीत हळद घाला, माझं काही म्हणणं नाही; हे अर्क वेगळे. त्यात केमो चालू, आणि तीही लिव्हरवरूनच जाते." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर विष्णुपंतांना बरं वाटलं असतं. "आजपासून अकराही बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त. ते उतरलं तर केमो."

"आणि हे पंधरा दिवस?"

"हे पंधरा दिवस केमोशिवाय जातील," डॉक्टर म्हणाल्या.

दोन दिवसांनी स्कॅनचा फोन आला. लिव्हरमध्ये गाठ दिसत नव्हती. विष्णुपंतांनी देवापुढे साखर ठेवली. या आनंदाच्या बातमीचा दुसरा अर्थ त्यांना पाच मिनिटांनी कळला. आजारानं नाही, म्हणजे आपणच केलं.

निवेदिता फोनवर आधी रडली, मग चिडली, मग म्हणाली, "बाबा, माझ्या गोळ्यांवर तर नॅचरल लिहिलं होतं."

"धोतराही नॅचरलच असतो," मागून शोभाताई म्हणाल्या.

बनुबाई आठ दिवस बोलल्या नाहीत. कल्याणरावांनी सांगून टाकलं की दोष अर्काचा नाही, तुपाचा आहे. पण विष्णुपंतांची खरी परीक्षा मच्छिंद्रपुढे होती. रविवारी सकाळी तो आला तो पायरीवर टेकलाच. हातात पिशवी, पिशवीत फडक्यात गुंडाळलेली बाटली.

"साहेब, गुळवेल बंद केलीसा, समजलं. ऱ्हाऊ द्या. ह्यो दुसरा उपाय हाय. पारनेरच्या पल्याड एक वैदू हाय, त्याच्याकडून आनलाय. दोन येष्ट्या बदलून गेल्तो. साल हाय कसली तरी, तो नाव सांगत न्हाई."

"मच्छिंद्र, नको."

"चमचाभर तर द्यायचाय."

"चमचाभरही नको."

"माझ्या साडूच्या गावात एक मानूस हाय, त्याला डाक्टरनी—"

"तो माणूस तू बघितलायस?"

मच्छिंद्रनं तोंड उघडलं. "आता डोळ्यांनी म्हनाल तर... न्हाई."

"कुणीच नाही बघितला रे तो. मीही त्याच्या भरवशावर अकरा पाळ्या लावल्या."

मच्छिंद्रनं बाटलीचं फडकं पुन्हा घट्ट गुंडाळलं. "साहेब, माझं पोर आजारी हुतं तवा तुमी काय केलं मला ठावं हाय. आन् बाईंसाठी मी रिकाम्या हातानं येऊ? मला न्हाई जमायचं. मी काय करू मग?"

हाच प्रश्न विष्णुपंत स्वतः आठवडाभर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत घेऊन फिरत होते. उंबऱ्यात उभं राहून, दोन येष्ट्या बदलून आलेल्या माणसाला त्यांनी जन्मात पहिल्यांदा पाणी नाकारलं. मच्छिंद्र चहा न घेता गेला. फाटकापाशी तो वळला आणि ओरडला, "बाईंना बरं वाटलं न्हाई तर मी तुमाला इचारीन!"

"विचार," विष्णुपंत म्हणाले.

खिडकीतून शोभाताईंनी हे सगळं ऐकलं होतं. दुपारी साडेबारालाच त्यांनी स्वतः उठून वरणभात वाढून घेतला, निम्मा खाल्ला आणि उलटी केली. उलटी लिव्हरची की काळजीची की नुसत्या वरणाची, ते लिहायला विष्णुपंतांकडे आता रकाना नव्हता.

पंधराव्या दिवशी पुन्हा नगर. पुन्हा तेच बाक, तीच फळं. रिपोर्ट आला. सहापट होतं ते दुपटीवर उतरलं होतं.

"देता येईल," डॉक्टर मनवा म्हणाल्या. "पण पूर्ण डोस नाही. पाऊण देऊ."

"मधे जो खंड पडला, त्यात काही वाढलं असेल का?" विष्णुपंतांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी एसटीत चार वेळा म्हणून पाहिला होता.

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, काका. कुणाकडेच नाही." मग त्या शोभाताईंकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे, काकू? आज घ्यायची?"

"द्या की, म्हणजे आता—" विष्णुपंत म्हणाले.

"मला विचारलंय," शोभाताई म्हणाल्या.

विष्णुपंत खुर्चीत मागे सरले.

"पाऊण डोस म्हणजे पाऊणच उपयोग?" शोभाताईंनी डॉक्टरांना विचारलं.

"असेल कदाचित. थांबलो तर तेवढाही नाही."

शोभाताईंनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला. शाळेत हजेरी घ्यायच्या आधी त्या पदर असाच सारखा करायच्या. "मग द्या."

सिस्टरला शीर सापडेना. दोनदा सुई फुकट गेली, तिसऱ्यांदा लागली. विष्णुपंत खुर्चीच्या डावीकडून उजवीकडे गेले, उशी सरळ केली, सरळच होती ती वाकडी झाली, पाण्याची बाटली उघडली, मिटली.

"अहो."

"काय? काय आणू?"

"काही नाही. तिथं बसा. काही करू नका."

विष्णुपंत बसले. पाऊण डोस सावकाश खाली उतरत होता. हे नुसतं बसायचं काम त्यांनी चौतीस वर्षांत कधी केलं नव्हतं आणि ते फार अवघड होतं. मधेच तिचा डोळा लागला तेव्हा त्यांना नळीतले थेंब मोजायची अनावर इच्छा झाली. त्यांनी खुर्ची वळवून घेतली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिले.