हिरोची पाठ

मद्रासच्या स्टुडिओत मी हिरोची पाठ होतो. तेव्हा तेलुगूत दर दुसऱ्या सिनेमात हिरोची दुहेरी भूमिका असायची, एक भाऊ शहाणा, एक रांगडा. दोघे समोरासमोर आले की एकाचा चेहरा दिसायचा आणि दुसऱ्याची पाठ. ती पाठ माझी. आम्हाला डूप म्हणत.

आता हे कोटय्यामामाला पटवायचं कसं? त्याच्या मुलीवर, माणिक्यमवर, आत्याचा मुलगा म्हणून पहिला हक्क माझा. पण भीमावरमच्या भातगिरणीवाल्यांचं स्थळ दारात येऊन बसलं होतं.

मामा म्हणाला, "सूरिबाबू, सिनेमात आहेस म्हणतोस ना? गावात लागलाय तुझा सिनेमा. दाखव. दिसलास तर मुलगी तुझी, नाहीतर उद्या गिरणीवाल्यांना होकार."

गुडिवाड्याच्या थिएटरात दुपारच्या खेळाला मामा, माणिक्यम आणि मी असे तिघे बसलो. मधे मामा, भिंतीसारखा.

भावाभावांच्या पहिल्याच भांडणात एक पाठ आली. मी ताडकन उठलो. "मामा, हा बघा! हा मी!"

तेवढ्यात ती पाठ वळली. खुद्द हिरो! पुढच्या बाकांवरून शिट्ट्या सुरू झाल्या. "ओ डुप्लिकेट, खाली बसा! आमचा माणूस दिसेना!"

मामा उकडलेल्या शेंगा सोलत म्हणाला, "मद्रासच्या पाण्यानं तोंड बरंच सुधारलं की रे."

स्वतःची पाठ कधी कुणी पाहिलेली असते का? सेटवर हिरोचाच शर्ट, हिरोचाच विग घालायचा आणि सांगतील तिथे उभं राहायचं. "वा, फरकच कळत नाही!" असं दिग्दर्शक म्हणाला की मी दिवसभर फुगून फिरायचो. तेच कौतुक आता मुळावर आलं होतं. दुसरी पाठ आली, मी माझी म्हणालो. मग वाटलं, एवढे रुंद खांदे माझे कुठले? तिसरीला नाही म्हणालो आणि ती गेल्यावर वाटलं, होती की काय! डोकं पार गरगरायला लागलं.

"अरे, तुझा तूच सापडेनास," मामा वैतागला, "मी कुठे शोधू?"

शेवट जवळ आला. एक भाऊ दुसऱ्याची क्षमा मागत होता. क्षमा करणाऱ्याची पाठ आमच्याकडे. माझी तोंड उघडायची छाती होईना.

"नाना, हा बघा बावा," माणिक्यम बापाला म्हणाली. बावा म्हणजे मी. आमच्याकडे आत्याच्या मुलालाही बावा म्हणतात आणि नवऱ्यालाही.

"कशावरून गं?"

"डावा खांदा बघा. घाबरला की पडतो त्याचा. आत्तासुद्धा पडलाय."

मामानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खांदा खरंच पडला होता. मग शेंगांचा पुडा त्यानं माझ्या मांडीवर ठेवला. "गिरणीवाल्यांना काय सांगायचं ते तूच सांग आता, जावईबापू."

बाहेर मामा रिक्षा ठरवायला गेला. मी हळूच विचारलं, "माणिक्यम, तो खरंच मी होतो?"

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "सिनेमा संपत आला होता, बावा. कुणाला तरी तू म्हणायलाच हवं होतं."