भोंग्याची परीक्षा

बेंबळीच्या सहकारी जिनिंगमध्ये आगीचा भोंगा बसला आणि तो बसवणारी मुलगी गावातलीच निघाली, याचं सगळ्यात जास्त नवल खुद्द चांगुणालाच वाटत होतं. उस्मानाबादच्या आयटीआयमध्ये वायरमनचं काम शिकताना पोरांनी तिला काय कमी छळलं? पण पोरगी हटली नाही. आता भोंगा बनवणाऱ्या सोलापूरच्या कंपनीचे महांतप्पासाहेब तिची शेवटची परीक्षा घ्यायला आले होते. प्रमाणपत्र मिळालं तर जिनिंगमध्ये कायमची नोकरी, नाहीतर आईच्या शेजारी बसून कापूस निवडणं होतंच.

परीक्षा सरळ होती. साहेबांनी ओल्या चिंध्या पेटवून धूर करायचा, छताला लावलेल्या डबीनं तो ओळखायचा, भोंगा वाजायचा आणि बायामाणसांनी गोदामाबाहेर यायचं. आधी कुणाला सांगायचं नाही, ही साहेबांची अट.

धूर वर गेला. चांगुणाचा जीव टांगणीला लागला. आणि भोंगा असा काही कोकलला, की बघता बघता गोदाम रिकामं! महांतप्पासाहेब बेहद्द खूश झाले.

"इतक्या झटपट तर सोलापूरच्या गिरणीतसुद्धा कुणी बाहेर येत नाही!" म्हणत त्यांनी पेन काढलं.

चांगुणाचं लक्ष मात्र बायांच्या हातांकडं होतं. प्रत्येकीच्या हातात रिकामी घागर. या दुष्काळात पाण्याचा टँकर असाच भोंगा वाजवत यायचा आणि जी पुढं असेल तिलाच पाणी मिळायचं. बाहेर ठेवलेली घागर कुणीही पळवायचं, म्हणून सगळ्यांच्या घागरी आत, कापसाच्या गठाणींमागं. म्हणजे भोंगा ऐकून बाया आधी आत पळाल्या होत्या, धुरातून. सगळ्यात पुढं तिची आई, भिमाबाई.

गप्प बसली असती तर काम फत्ते होतं. पण आईच्या हातातली घागर बघून ती पुढं झाली.

"साहेब, सही करू नका. ह्या आगीला भिऊन न्हाय आल्या. पान्याला आल्यात."

साहेबांचं पेन परत खिशात गेलं.

"टँकर कुठंय?" भिमाबाईनं विचारलं. खरा प्रकार कळला तशी ती भडकली. "पानी बी न्हाय अन् कागद बी न्हाय! गप बसायला काय झालं व्हतं तुला?"

"तू आत पळालीस, आये! खरी आग असती म्हंजी?" चांगुणा ओरडली. "म्या कुणाला हाक मारली असती?"

भिमाबाईनं आपली घागर फाटकाबाहेर नेऊन ठेवली. तिच्यामागं एकेक करत सगळ्या बायांनी ठेवल्या. राखणीला तिनं चौकीदार बाबामियाँला बसवलं.

"एक जरी घागर गेली तर बघा, मियाँ!"

असा दम भरून ती आपल्या जागेवर जाऊन बसली आणि ओरडली, "हां, वाजीव आता!"

"टँकर असो का आग, साहेब," चांगुणा म्हणाली, "आता पळायचं ते बाहीरच."

साहेबांची एसटी चुकायला आली होती, तरी त्यांनी चिंध्या पुन्हा पेटवल्या. भोंगा वाजला. एकही बाई आत वळली नाही. साहेबांनी पेन काढलं आणि या वेळी सही केली.

भिमाबाईनं तो कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"ह्यात माझं नाव हाय का?"

"न्हाय, आये. परीक्षा माझी व्हती."

"आसंल," भिमाबाई म्हणाली. "पळाले तर मीच की."