मागच्या सीटखालचे चार बोल्ट

कवळीवाल्यांनी अकरा वर्षांत आपल्या गाडीच्या मागच्या सीटखालचा काळा थर खरवडला नव्हता, आणि त्याला घाबरटपणा सोडला तर दुसरं काहीही कारण नव्हतं.

एरवी त्या गाडीत असा एक कोपरा नव्हता जिथे त्यांनी नाक खुपसलं नव्हतं. गाडी जपानहून बोटीने आलेली, वापरलेली, पांढरी, चौकोनी. तिचे दोन प्रकार निघाले होते, साधी आणि स्पेशल. बाहेरून दोन्ही इतक्या सारख्या की कारखान्यातल्या लोकांनाही आज आपण कुठली बनवतोय ते एकमेकांना विचारावं लागत असेल. कवळीवाल्यांना मात्र फरक कळायचा. स्पेशलच्या मागच्या दिव्यात बोटभर पिवळी पट्टी असते. स्पेशलच्या ॲशट्रेत दिवा लागतो. स्पेशलचं दार लावलं की ‘धप्प’ वाजतं, साधीचं ‘धब’. हा शेवटचा फरक जगात फक्त कवळीवाल्यांना ऐकू यायचा, पण ते इतक्या खात्रीने सांगायचे की समोरच्यालाही थोडा वेळ ऐकू येई.

पंचाईत ही होती की त्यांच्या स्वतःच्या गाडीत दोन्हींची सरमिसळ होती. दिवे स्पेशलचे, ॲशट्रे साधीची, दारं एक धप्प आणि तीन धब. आधीच्या मालकांनी हाताला लागेल ते बसवलं होतं. दाराच्या कडेची माहितीची पट्टी गंजून गेलेली. आता पुरावा एकच उरला होता. मागच्या सीटखाली पत्र्याची एक आडवी पट्टी असते, तिच्यावर साधीला तीन बोल्ट असतात आणि स्पेशलला चार. नेमक्या त्याच पट्टीवर कुणीतरी डांबरासारखा काळा थर थापून ठेवला होता. तो काढायला अर्धा तास पुरला असता. पण थर होता तोवर गाडी स्पेशल होती.

धंद्याने ते दातांच्या कवळ्या करायचे. घराची पुढची खोली हेच त्यांचं कामाचं ठिकाण. तिथे फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असत आणि आल्यागेल्याकडे बघून हसत असत. एका दाढेतला केसाएवढा फरक ओळखणारा माणूस म्हणून डॉक्टर लोकांत त्यांना मान होता. बायकोने केस निम्मे कापले तेव्हा मात्र त्यांना नवव्या दिवशी कळलं, तेही शेजारणीने सांगितलं म्हणून.

बायको गाडीच्या बाबतीत अडाणी होती आणि तसंच राहायचा तिने निश्चय केला होता. गाडीत तिची ओळख एकीशीच. डॅशबोर्डखाली एक काळी डबी होती. किल्ली फिरवली की तिच्यातून एक जपानी बाई घोगऱ्या, समजूतदार आवाजात एक वाक्य बोलायची. काय बोलते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बायको रोज म्हणायची, “हो बाई, निघालोच.” कवळीवाल्यांनी त्या आवाजाकडे कधी लक्ष दिलं नाही, कारण त्या वेळी ते इंजिन ऐकत असायचे.

ठिणगी पडली ती बायकोच्या मावसबहिणीच्या साखरपुड्याच्या दिवशी. वाटेत पुढे एक पांढरी चौकोनी गाडी दिसली. तिच्या दिव्यात पिवळी पट्टी आहे की नाही हे बघण्यासाठी कवळीवाले तिच्यामागे पाच सिग्नल गेले. मग ती पुलावर चढली, म्हणून तेही चढले. पूल नदीपलीकडे उतरत होता. दोघं कार्यक्रमाला पोचले तेव्हा लोक हात धुवत होते.

त्या संध्याकाळी बायको शांतपणे म्हणाली, “अहो, एक सांगा. आपली गाडी स्पेशल आहे की नाही?”

“आहेच!”

“मग रविवारी दाखवा ते चार बोल्ट. चार निघाले तर मी पुढची अकरा वर्षं गाडीबद्दल चकार शब्द काढणार नाही. नाही निघाले तर गाडी धाकट्याला द्यायची. तो कधीचा मागतोय.”

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. त्याचा पाण्याचे जार घरोघर पोचवायचा धंदा होता आणि कुठल्याही गाडीकडे बघताना त्याला फक्त तिच्यात किती जार मावतील एवढंच दिसायचं. तो तिथेच बसला होता.

“दाजी, सीट काढली की बावीस बसतात,” तो म्हणाला. “मोजून ठेवलंय मी.”

कवळीवाल्यांना त्या रात्री स्वप्नात बावीस जार दिसले. सगळ्यांना दात होते.

गुरुवारी ते थर खरवडायची पातळ पट्टी आणायला बाजारात गेले. अवजारांच्या दुकानात एका पट्टीवर दीड तास चर्चा करून पार्किंगमध्ये परत आले, पांढऱ्या चौकोनी गाडीचं दार उघडलं, बसले आणि घरी आले. सीट जरा पुढे सरकलेली वाटली. धाकट्याने माप घेताना हलवली असणार, असं म्हणून त्यांनी त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या. पेट्रोलचा काटा सकाळी अर्ध्यावर होता तो आता पाऊणवर होता. ॲव्हरेज सुधारतंय, याचं त्यांना समाधान वाटलं.

शुक्रवारी सकाळी घरामागच्या शेडमध्ये त्यांनी देवाचं नाव घेऊन मागची सीट उचलली.

काळा थर नव्हताच. स्वच्छ पत्रा, आणि पत्र्यावर एका ओळीत चार बोल्ट.

कवळीवाले बराच वेळ तसेच ओणवे उभे राहिले. मग त्यांनी बोट लावून मोजले. मग उलट बाजूने मोजले. थराचं काय झालं असावं याचा विचार त्यांनी थोडा केला आणि अकरा वर्षांच्या उन्हाने तो वाळून, भुगा होऊन उडून गेला, हा निष्कर्ष काढला. ॲशट्रे उघडली तर आत दिवा लागला. “सैल वायर असणार, बसली आपोआप,” ते खुशीत म्हणाले. चारही दारं लावून पाहिली. चारही धप्प.

ते दोन दिवस त्यांनी गाडी शेडबाहेर काढलीच नाही. शनिवारी तिचं माहेरवाशिणीसारखं कोडकौतुक केलं. ऑइल बदललं, प्लग बदलले, वायपरची रबरं बदलली, दोनदा पॉलिश केलं. गाडीच्या कप्प्यातून सर्व्हिसची वही काढून सगळं तारीखवार लिहिलं. लिहिताना मागची पानं चाळली, तेव्हा आपलं अक्षर पूर्वी बरंच चांगलं होतं असं वाटून त्यांना थोडं वाईट वाटलं.

रविवारी धाकटा आला. येताना दोन रिकामे जार घेऊन आला होता. त्याने वाकून बोल्ट मोजले आणि उभा राहिला.

“चार,” तो पडेल आवाजात म्हणाला.

“मोठ्याने बोल. तुझ्या ताईला ऐकू जाऊ दे.”

“चार आहेत गं ताई.”

“असतील,” बायको म्हणाली. “शब्द म्हणजे शब्द. चला, एक चक्कर तरी मारू तुमच्या स्पेशलमधून.”

तिघं बसले. कवळीवाल्यांनी राजासारखी किल्ली फिरवली. डबीतून एक बाई नाजूक, चिवचिवत्या आवाजात काहीतरी बोलली.

बायकोचं ‘हो बाई’ ओठातच राहिलं. तिने डबीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

“अहो, ही आपली बाई नव्हे.”

“काय?”

“ही कोवळी आहे. आपली जरा पोक्त आहे, घसा बसल्यासारखी बोलते. ही कोण?”

“अगं, स्पेशल आहे ना! थर उडाला, धूळ गेली, आवाज मोकळा झाला असेल.”

“धूळ सीटखाली होती. बाई डॅशबोर्डखाली आहे.” ती दार उघडून उतरली, गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिथूनच म्हणाली, “आणि हा नंबरही आपला नाही.”

कवळीवाले उतरून तिच्याशेजारी उभे राहिले. त्यांनी नंबरप्लेटकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ते तिच्याकडे पहिल्यांदाच बघत होते. प्लेट काही जपानमध्ये बसवत नाहीत, इथे आल्यावर ठोकतात. त्यामुळे ती त्यांच्या लेखी गाडीचा भागच नव्हती.

“दाजी,” धाकटा हळूच म्हणाला, “तुम्ही गाडी चोरलीत?”

“किल्ली लागली रे माझी!”

“चोराचीही लागते.”

कवळीवाल्यांनी किल्ली डोळ्यांपुढे धरली. ती झिजून इतकी गुळगुळीत झाली होती की तिने बहुतेक कपाटंसुद्धा उघडली असती. मग त्यांनी वही काढली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात दुसऱ्याच कुणाचा फोन नंबर होता.

फोन लगेच उचलला गेला. पलीकडे लिफ्ट तपासणारे एक गृहस्थ होते. आवाज आजाऱ्यासारखा.

“गाडी?” ते म्हणाले. “गाडीचं विचारू नका हो. गुरुवारी बाजारातून आणली तेव्हापासून खंगत चालली आहे. ॲशट्रेचा दिवा गेला. तीन दारांचा आवाज बसला. सीटखाली काळं काहीतरी उगवलं. चांगली स्पेशल होती, माझ्या डोळ्यांदेखत साधी होत चालली आहे. डॉक्टरांनी मला गोळ्या दिल्यात.”

“साहेब,” कवळीवाले म्हणाले, “तीन दारांचा आवाज बसला, हे तुम्हाला ऐकू आलं?”

“म्हणजे काय! धप्पचं धब झालं.”

जगात आपण एकटे नाही, हे कवळीवाल्यांना कळलं होतं, पण फार वाईट वेळी कळलं होतं.

तासाभरात दोन्ही गाड्या लिफ्टवाल्यांच्या इमारतीखाली शेजारी शेजारी उभ्या होत्या. लिफ्टवाल्यांची किल्लीही तितकीच गुळगुळीत निघाली. दोन्ही पुरुष एकमेकांकडे न बघता एकमेकांच्या टायरकडे बघत होते. कवळीवाल्यांनी केलेल्या कामांची यादी वाचून दाखवली. लिफ्टवाल्यांनी प्लगची कंपनी विचारली आणि मान डोलावली. मग त्यांनी आपली यादी सांगायला सुरुवात केली.

“ब्रेक साफ केले. हेडलाइटच्या काचा घासल्या. आणि, माफ करा, सीटखालचं ते काळं खरवडलं.”

धाकटा पुढे सरकला. कवळीवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

“किती?” बायकोने विचारलं.

“पाच,” लिफ्टवाले म्हणाले.

कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही यादीत पाच नव्हते. कवळीवाल्यांनी एक डोळा उघडला. साधीही नाही, स्पेशलही नाही, बोटीतून वाट चुकून आलेली तिसरीच कुठलीतरी, जगात एकच...

“त्यातले दोन कपाटाचे आहेत,” लिफ्टवाले म्हणाले. “बिजागरीला लावतात तसले. कुणीतरी नंतर मारलेत. ते धरायचे नाहीत.”

कवळीवाल्यांनी उघडलेला डोळा मिटला.

“म्हणजे तीन,” धाकटा म्हणाला. त्याने हात पुढे केला. “दाजी, शब्द म्हणजे शब्द.”

कवळीवाल्यांनी काही वाद घातला नाही. त्यांनी गुळगुळीत किल्ली खिशातून काढली, शर्टाला पुसली आणि धाकट्याच्या हातावर ठेवली. सांगण्यासारखं बरंच होतं. गार असताना क्लच अर्धवट सोडायचा नाही, डावीकडची मागची काच हाताने आधार देऊन वर घ्यायची. पण तोंडातून एवढंच निघालं, “सांभाळ.”

धाकटा आत बसला आणि त्याने किल्ली फिरवली. डबीतून ओळखीचा, घसा बसलेला आवाज आला. बायकोच्या तोंडून आपसूक गेलं, “हो बाई.”

“ही बडबड आधी उपटून टाकतो,” धाकटा म्हणाला आणि डबीला हात घालून ओढू लागला. “तिथे पावत्यांचं पॅड छान बसेल.”

“हात काढ.”

“अगं ताई, डबी आहे ती.”

“हात काढ म्हटलं ना! अकरा वर्षं सकाळी माझ्याशी पहिलं कोण बोलतं माहीत आहे? हे बोलतात? हे उठल्या उठल्या टायरची हवा बघायला जातात. घरात माझी दखल घेणारी ती एकटी, आणि तिच्या जागी तू पावत्या ठेवणार? उतर खाली.”

“पण ठरलं होतं! चार निघाले नाहीत तर...”

“ठरवलं कोणी?”

“तू.”

“मग मोडतेही मीच. उतर. आणि ते तुझे दोन जार घरामागून आधी उचल.”

धाकटा उतरला. चक्कर मारून झाली की आपण ताईच्या घरी जेवणार होतो आणि आता ते अवघड आहे, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

निघताना लिफ्टवाल्यांनी कवळीवाल्यांना बाजूला घेतलं. गाडीची पुस्तिका वाचता यावी म्हणून ते तीन वर्षं जपानी शिकले होते.

“वहिनींना सांगू नका हवं तर,” ते कुजबुजले, “पण ती बाई म्हणते, ‘कार्ड घातलेलं नाही.’ तिकडच्या टोलनाक्याचं कार्ड.”

“आणि तुमची?”

“माझीही तेच म्हणते. पण माझी स्पेशल आहे, त्यामुळे शेवटी ‘कृपया’ म्हणते.”

परतीच्या वाटेवर बायको डबीवरची धूळ पदराने पुसत होती. मग म्हणाली, “ते जपानी जाणतात म्हणे. विचारलंत का, काय म्हणते ती?”

एका चुकीच्या स्क्रूसाठी माणसांशी संबंध तोडणाऱ्या कवळीवाल्यांनी आरशात पाहिलं, गियर बदलला आणि म्हणाले, “जपून जा म्हणते.”

“मला वाटलंच,” बायको म्हणाली. “किती वर्षं सांगतेय, आणि तुम्ही पुलावरून पळवताय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सर्व्हिसची वही उघडली. या खेपेस अक्षर नक्की स्वतःचं आहे याची खात्री करून घेतली. पुन्हा दुसऱ्याची गाडी घरी येऊ नये म्हणून बायकोने आतल्या आरशाला एक लाल फीत बांधली होती, तिचं टोक बरोबर त्यांच्या डोळ्यांसमोर लोंबत होतं. ते थोडा वेळ विचार करत बसले. मग ‘बदल’ या मथळ्याखाली, जिथे अकरा वर्षांत एकही नोंद नव्हती, त्यांनी लिहिलं: “लाल फीत, एक. जपानची नाही. राहू द्यावी.”