अक्षर न् अक्षर

संताजीरावांना इंग्रजी वाचता येत नाही, हे बेंगळुरातल्या सगळ्या चामराजपेटेत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस सहा वर्षांपूर्वी वारलं. ते माणूस म्हणजे त्यांची बायको, मथुराबाई. गिरणीत मेस्त्री झाले तेव्हा संताजीरावांनी घरी इंग्रजी पेपर सुरू केला. मेस्त्री म्हणजे काय ऐरागैरा? त्याच्या घरी इंग्रजी पेपर नको? मथुराबाई दहावी शिकलेल्या. त्या उजाडायच्या आत पेपर वाचून ठेवायच्या आणि कॉफी गाळता गाळता नवऱ्याला सगळं सांगायच्या. मग हे चष्मा लावून, पेपर पसरून बाल्कनीत बसायचे, फोटो बघायचे, आणि दहा वाजता गिरणीत जाऊन जगाच्या बातम्या ऐकवायचे. लोक म्हणायचे, मेस्त्रींचं इंग्रजी म्हणजे बघायलाच नको! म्हणू देत बापडे. त्यात कुणाचं काय जात होतं? बायको गेल्यावरही पेपर येत राहिला, आणि हे तो पसरून बसत राहिले. एकुलत्या एक मुलीलाही कधी संशय आला नाही.

ही मुलगी, स्मृती, भारताच्या हॉकी संघाची गोलकीपर. तेवीस वर्षांची, बँकेत नोकरीला, उंच, रुंद खांद्यांची, आणि हसली की खालच्या दुकानापर्यंत ऐकू जाणारी. नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत दिल्लीला एका मोठ्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. शेवटचं मिनिट, दोन्हीकडचे गोल सारखे, समोरून आलेला साधा फटका. असले फटके ती डोळे मिटून अडवायची. तो चेंडू तिच्या दोन्ही पायांच्या मधून गेला, आणि टीव्हीवाल्यांनी तो पाच वेळा दाखवला. सामना गेला तो गेलाच.

पोर घरी आली ती खालमानेनं. दोन दिवस कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी खालच्या रस्त्यावरच्या हयवदननं संताजीरावांना हाक मारली. हयवदनची आधी टायपिंगची शाळा होती. आता त्यानं चार कॉम्प्युटर मांडून बाहेर ‘इंटरनेट’ अशी पाटी लावली होती.

“अण्णा,” तो म्हणाला, “अमेरिकेतल्या कुणा हॉकीवेड्यानं आपल्या हॉकीसाठी एक पान काढलंय. त्याच्याखाली कुणीही यावं, काहीही लिहावं, नाव सांगायची गरज नाही. तिथं आपल्या स्मृतीअक्काला शिव्या घालतायत हो लोक. मी पुढचं बघितलंच नाही.”

“शिव्याच ना?” संताजीराव म्हणाले. “छाप. सगळं छाप आणि दे मला.”

आता कुणी म्हणेल, हा बाप की कसाई? पण संताजीरावांचं डोकं कुठं चाललं होतं ते ऐका. ते तरुणपणी गरडीत, म्हणजे इथल्या तालमीत, कुस्ती खेळायचे. एका दसऱ्याला भर मैदानात त्यांची पाठ लागली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या उस्तादांनी, कल्लाप्पांनी, सगळ्या पोरांना गोल बसवलं, ह्यांना मधे उभं केलं आणि प्रत्येकाला एकेक शिवी घालायला लावली. महिनाभर रोज सकाळी हेच. अंगाची नुसती लाही व्हायची. पुढच्या दसऱ्याला त्याच गड्याला त्यांनी तिसऱ्या मिनिटाला चितपट केलं आणि येऊन कल्लाप्पांचे पाय धरले. अपमानानं माणूस पेटतं आणि पेटलेलं माणूस जिंकतं, एवढं एकच शास्त्र त्यांना पक्कं ठाऊक होतं. महिनाभरानं राष्ट्रीय संघाची निवड होती, इथंच, बेंगळुरात. तोवर पोरीला पुन्हा गोलात उभं करायचं होतं. झालं, औषध आयतंच सापडलं.

पहिले सात कागद त्यांनी प्रिंटरच्या कागदाला असतात त्या कडांच्या भोकांच्या पट्ट्या नीट फाडून तिच्या कॉफीशेजारी ठेवले. स्मृतीनं पहिला वाचला. दुसरा वाचला. तिसऱ्यावर तिचा हात थांबला आणि तिनं वर बघितलं. चेहरा असा, जणू अंगातलं रक्त कुणी काढून घेतलंय.

“अप्पा, तुम्ही वाचलंत हे?”

आता इथं एक शब्द खरा बोलला असता तर काय बिघडणार होतं? पण तीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

“वाचल्याशिवाय आणीन?” संताजीराव म्हणाले. “अक्षर न् अक्षर वाचलंय.”

“आणि?”

“आणि काय? खोटं काय लिहिलंय त्यात? तू केलंस तेच लिहिलंय. लोक बोलणार. ऐकून घ्यायचं, मनात ठेवायचं.”

 कागद तिनं उलटे करून ठेवले. संताजीरावांना वाटलं, लागलं बघ बरोबर.

त्या दिवसापासून रोज सकाळी कागद. हयवदनच्या दुकानात तेव्हा गिऱ्हाइकांची रांग लागलेली असायची. तो न बघताच बटण दाबायचा आणि चळत हातात द्यायचा. वाटायचं, मेस्त्री शिकलेले आहेत, त्यांना कळतं काय करायचं ते. पहिला आठवडा खरंच औषध लागू पडल्यासारखा गेला. स्मृती पहाटे उठून मैदानावर जायची, अंग मोडेस्तोवर सराव करायची, परत येऊन बादल्याच्या बादल्या पाणी अंगावर ओतायची. दिवसातून तीनदा अंघोळ. “पेटली पोरगी,” असं संताजीराव खालच्या दुकानदाराला सांगत सुटले.

मग ती भर उन्हात पायघोळ ट्रॅकसूट घालायला लागली. जेवायला बसली की मांडीवर उशी घ्यायची. हसणं तर नावालाही राहिलं नाही. एकदा बँकेत निघताना दारात अडखळली आणि म्हणाली, “अप्पा, बसस्टॉपपर्यंत येता का बरोबर? बँकेपर्यंतच आलात तर बरं होईल.”

“मी? कशाला?”

“तुम्ही वाचलंत ना कालचं.”

“वाचलं की. मग?”

“मग भीती वाटते.”

“असल्या कागदाला भ्यायचं? गोलकीपर ना तू? जा एकटी. मान वर करून जा!”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग “सरी”, म्हणजे बरं, एवढंच म्हणाली आणि गेली. संताजीरावांना तिचं ते बघणं आवडलं नाही, पण का आवडलं नाही ते काही त्यांना सांगता आलं नसतं. त्यांनी चष्मा लावला आणि पेपर उघडला.

निवड चाचणीच्या दिवशी ते मैदानाच्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. संघाची प्रशिक्षक प्रतिमा, स्वतः जुनी खेळाडू, मोठ्या आवाजाची बाई. शिट्टी झाली. स्मृती गोलात उभी राहिली, आणि संताजीरावांना पहिल्यांदा काही तरी चुकल्यासारखं वाटलं. गोलकीपर पाय फाकवून, गुडघे वाकवून उभी राहते. ही दोन्ही पॅड एकमेकांना घट्ट चिकटवून उभी होती, लहान पोर थंडीत उभं राहतं तशी. पहिला फटका उजवीकडून आला. हलली नाही. दुसरा डावीकडून. हलली नाही. प्रतिमा ओरडली, “पाय उघड, स्मृती! पाय उघड!” आणि ते ऐकल्याबरोबर स्मृती मटकन खाली बसली, स्टिक टाकली आणि पॅड बांधलेले पाय दोन्ही हातांनी आवळून धरले. चेंडू येत होते, तिच्या बाजूनं जात होते. मैदानावरच्या पोरी थांबल्या. कुणी तरी घाबरून हसलं.

संताजीराव कठडा ओलांडून धावणार होते. त्याआधीच प्रतिमानं तिला उठवून आत नेलं.

रविवारी सकाळी प्रतिमा घरी आली. स्मृतीच्या खोलीत तासभर दार लावून बसली आणि बाहेर आली ती कागदांची ही एवढी चळत घेऊन. डोळे लाल. तिनं चळत संताजीरावांपुढं आपटली.

“मेस्त्री, हे तुम्ही आणून देत होता?”

“तिला चेव यावा म्हणून. आमच्या गरडीत...”

“हे वाचून? हे सगळं वाचून तुम्ही स्वतःच्या पोरीच्या हातात दिलंत? रोज?”

  वाचलं म्हणावं तर ही बाई अंगावर धावून येईल असं तिचं तोंड, आणि नाही म्हणावं तर तीस वर्षांची अब्रू हिच्यासमोर उतरवून ठेवायची. माणसाचा अहंकार मेला तर बरं, पण तो मरत नाही हो वेळेवर. संताजीराव नुसते चष्म्याशी चाळा करत राहिले.

“मी तिला माझ्याकडे नेते,” प्रतिमा म्हणाली. “डॉक्टर ओळखीच्या आहेत, मनाच्या डॉक्टर. हॉकीचं नंतर बघू. आधी पोरगी जगू दे. ती ह्या घरात राहायला नको म्हणते. चार वाजता रिक्षा घेऊन येते.”

ती जिना उतरली तशी संताजीरावांनी चळतीतले वरचे चार कागद उचलले आणि अनवाणीच हयवदनकडे गेले. रविवार, दुकान रिकामं.

“हे वाच,” ते म्हणाले. “कन्नडात सांग मला काय लिहिलंय.”

“अण्णा, तुम्हीच तर...”

“मला येत नाही!” संताजीराव ओरडले. “येत नाही मला इंग्रजी! वाच!”

हयवदननं वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि तो थांबला. त्यानं कागद मांडीवर ठेवला. “नको अण्णा.” “वाच.” त्यानं मान खाली घालून, आवाज अगदी बारीक करून, अडखळत अडखळत सांगितलं. चेंडूवरून सुरू झालेलं चेंडूवर नव्हतंच. ते तिच्या पायांवर होतं, पायांच्या मधल्यावर होतं, कुणी कुणी काय काय करावं ह्यावर होतं, तिच्या मेलेल्या आईवर होतं. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा खालचं लिहीत गेला होता आणि खाली हसल्याच्या खुणा काढत गेला होता. एका कागदावर हयवदन पुन्हा थांबला.

“हा इथलाच कुणी तरी आहे, अण्णा. लिहितो की मी हिला रोज बँकेच्या बसमध्ये बघतो. काय घातलंय ते लिहिलंय. कुठं उतरते ते लिहिलंय. म्हणतो, एक दिवस तिच्या मागोमाग उतरणार.”

संताजीराव दुकानाच्या पायरीवर बसले. मी तिला एकटी जा म्हणालो, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. मान वर करून जा म्हणालो. कल्लाप्पांच्या शिव्या कुठं आणि हे कुठं. गरडीत शिव्या देणाऱ्या पोरांनीच संध्याकाळी खांद्यावर हात टाकून त्यांना बदामाचं दूध पाजलं होतं. 

घरी आले तेव्हा स्मृती बॅग भरत होती. ते तिच्या खोलीत कधी जात नसत. आज गेले आणि जमिनीवर बसले.

“स्मृती, स्वल्प, जरा ऐक माझं. मला इंग्रजी येत नाही.”

तिचा हात थांबला. “काय?”

“वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. तुझी आई वाचून सांगायची. मी ते कागद वाचलेच नाहीत गं! मला वाटलं नुसत्या शिव्या असतील, खेळावरच्या. देवाशप्पथ सांगतो.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. क्षणभर, एकच क्षण, तिचा चेहरा सैल झाला, आणि संताजीरावांना वाटलं आता ही रडेल, रडली की झालं, सगळं धुऊन निघेल.

“मग आज कसं कळलं काय आहे ते?”

“हयवदनकडून वाचून घेतलं आत्ता.”

तिचा चेहरा पुन्हा मिटला. “म्हणजे आणखी एकाला दाखवलंत.”

“अगं, तसं नाही...”

“अप्पा,” ती अगदी शांतपणे म्हणाली, आणि त्या शांतपणाचीच त्यांना धास्ती वाटली, “मला बरं वाटावं म्हणून एवढं खोटं बोलू नका. तुम्हाला मी लहानपणापासून पेपर वाचताना बघतेय.”

“ते नाटक होतं. नुसतं नाटक.”

“तुम्ही म्हणालात, खोटं काय लिहिलंय त्यात. रात्रंदिवस मी तेच ऐकतेय. बाकीच्यांचं नाही. ती माणसं कोण कुठली. तुमचं.”

 येत नाही ही गोष्ट माणसानं सिद्ध कशी करायची? येतं ते दाखवता येतं. तिनं त्यांनी परत आणलेल्या कागदांतला एक उचलून त्यांच्यापुढं धरला.

“हे वाचा बघू.”

“येत नाही म्हणतोय ना बाळा.”

“येत नाही, का तोंडातून काढवत नाही?”

त्यांनी कागद घेतला. चष्मा लावला. नुसत्या काळ्या मुंग्या. काही तरी करून दाखवावं, आपण कसे अडाणी आहोत ते हिला दिसावं, म्हणून ते एकेका ओळीवर बोट फिरवत गेले, तोंडानं पुटपुटत गेले. आणि एका ठिकाणी बोट आपोआप थांबलं. पेपरातल्या खेळांच्या पानावर दर वेळी मथुराबाई बोट ठेवून दाखवायच्या, आणि त्या गेल्यावर हे स्वतः शोधून कापून ठेवायचे, असा तो एकच शब्द होता. कुठंही दिसला तरी त्यांना ओळखू यायचा.

“स्मृती,” त्यांनी वाचलं.

ती त्यांच्याकडे बघून हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

“आलं की वाचता,” ती म्हणाली. खाली रिक्षाचा भोंगा वाजला. तिनं बॅग उचलली.

“तेवढंच येतं गं मला,” संताजीराव म्हणाले. “तेवढं एकच.”

पण तोवर ती जिना उतरून गेली होती.