डालग्याखालच्या अकरा

डालगं उचललं तेव्हा चार वाजून गेले होते. आत अकरा कोंबड्या होत्या. एकीनेही मान वर केली नाही.

मला वाटलं, सुस्तावल्या असतील. कडेच्या ढवळीला मी पायाने जरा हलवलं, तर ती लाकडासारखी कलंडली. तिच्या तुऱ्यात, डोळ्यांभोवती, चोचीच्या फटीत मेलेल्या मधमाश्या अडकल्या होत्या. बांबूच्या विरळ विणीचं ते भलंमोठं डालगं हातात धरून मी तशीच उभी राहिले.

एकोणसत्तर साली मी लग्न होऊन भाजे गावात आले. तिसऱ्याच दिवशी माझ्या सासूबाईंनी, येसूबाईंनी, एक खुडूक कोंबडी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "ही आपली कोंबडी हाय. हिच्या पोटची एकबी कुणाला फुकट जायची न्हाई."

त्यामागची गोष्ट मला पुढे कळली. पूर्वी कोणी सरकारी माणूस मुक्कामाला आला की त्याच्या जेवणासाठी आमच्या वस्तीतली कोंबडी जायची. विचारायची पद्धतच नव्हती. छप्पन साली घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच वर्षी कोणीतरी असाच कोंबडी न्यायला दारात आला. येसूबाईंनी कोंबडीवर डालगं पालथं घातलं आणि त्यावर जाऊन बसल्या. "उचल," म्हणाल्या, "आधी मला उचल, मग कोंबडी ने." तो माणूस हात हलवत परत गेला.

माझ्या कोंबड्या त्याच कोंबडीच्या वंशातल्या. तीस वर्षं मी अंगणवाडीत पोरं सांभाळली आणि घरी ह्या कोंबड्या. आभाळात घार दिसली, मुंगूस आलं, शनिवार-रविवारच्या पाहुण्यांची कुत्री सुटली, की मी पहिल्यांदा कोंबड्या डालायची. डोक्यात विचार येण्याआधी हात डालग्याकडे गेलेला असायचा.

माझी सून रुपाली. माहेर उर्से. दोन वर्षांपूर्वी तिने मधमाश्या पाळायचं प्रशिक्षण घेतलं आणि चार पेट्या आणल्या. कुंपण घातलेली जागा एकच, कोंबड्यांची.

"कोंबड्या आन् माश्या एका आवारात?" मी म्हणाले. "डोकं फिरलं का काय तुजं?"

"जमतं, आत्या. पेटीखाली पडलेले किडे, मुंग्या, मेलेल्या माश्या, सगळं कोंबड्या वेचतात. पेट्या साफ ऱ्हातात."

"आन् न्हाई जमलं तर?"

"तुमच्या कोंबड्यांना काय झालं तर मी पेट्या उचलीन. शब्द देते."

आणि खरंच जमलं. कोंबड्या पेट्यांखाली उकरत बसायच्या, माश्या त्यांच्या डोक्यावरून डोंगराकडे जायच्या. कोंबड्यांच्या पाण्यात माश्या बुडतात म्हणून रुपालीने मातीच्या पसरट परळात गोटे टाकले. माशी गोट्यावर बसून पाणी प्यायची, कोंबडी शेजारून चोच बुडवायची. पुढेपुढे ते गोटे रोज सकाळी मीच घासून ठेवू लागले. माझ्या सासूबाई हे बघून काय म्हणाल्या असत्या, असं मनात यायचं आणि हसू यायचं.

एकदा मी तांदूळ निवडत होते तेव्हा रुपाली म्हणाली होती, "आत्या, कधी माश्या उठल्याच तर एक ध्यानात ठेवा. काय बांधायचं न्हाई, काय कोंडायचं न्हाई. मोकळं सोडायचं. ज्याचं ते पळतं."

मी "व्हय" म्हणाले आणि तांदळातला खडा काढला.

त्या रविवारी रुपाली मधाच्या बाटल्या द्यायला लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात गेली होती. पावसाळा संपून गवत कमरेएवढं झालं होतं. माझ्या मुलाला, राजेंद्रला, कंपनीची सुट्टी. तो कोणाचं तरी गवत कापायचं मशीन घेऊन आला. पेट्यांजवळ ते मशीन नेऊ नये हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही नाही. मशीनने उडवलेला दगड पेटीवर दाणकन बसला. आधीच त्या आवाजाने चिडलेल्या माश्या धुरासारख्या बाहेर आल्या.

"आई, आत हो!" राजेंद्र मशीन टाकून पळाला.

कोंबड्या माझ्या पायाशी दाणे टिपत होत्या. डालगं भिंतीला टेकलेलं. मी पदर डोक्यावर ओढला आणि डालगं घातलं. अकरा आत आल्या. कोंबडा आणि मानेवर पिसं नसलेली बोडकी तेवढी निसटली. त्या दोघांची मला कीव आली. मी दार लावून घेतलं.

आतून मला डालग्याखालचा फडफडाट ऐकू येत होता. मग तो हळूहळू थांबला.

"बघ," मी राजेंद्रला म्हणाले, "झाल्या शांत."

हे माझे शब्द. अजून कानात आहेत.

रुपाली मळवली स्टेशनला उतरून चालत आली तेव्हा साडेपाच झाले असतील. ती फाटकातच थांबली. आडव्या पडलेल्या डालग्याकडे बघितलं, मातीत एका गोलात पडलेल्या कोंबड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आत्या, तुमाला चावल्या का?"

"न्हाई."

एवढंच. कुदळ घेऊन ती खड्डा खणू लागली. शेजारचा नथू कुंपणावरून डोकावला.

"अगं बया! अकरा? आता गावजेवणच घाल की, रुपाली!" मग माझा चेहरा बघून त्याने आवाज उतरवला. "पेट्या आल्या तवाच म्या म्हणलं हुतं, आक्काबाई. माशी ती माशीच. तिला काय तुमचं, काय माजं."

मी हो म्हणून मान हलवली. सुनेच्या देखत हलवली.

खड्डा बुजवून रुपालीने हात धुतले आणि जिथून पेट्या आणल्या तिथे फोन लावला. "उद्या सकाळी टेम्पो पाठवा. व्हय, चारी पेट्या. परत द्यायच्यात."

सकाळी उठून मी परळात पाणी भरलं. सवयीने गोटेही घासले. तेवढ्यात करवंदीच्या जाळीतून बोडकी बाहेर आली, मागे कोंबडा. मला वाटलं होतं, दोघं कुठेतरी मरून पडली असतील. बोडकी पाणी प्यायली आणि सरळ पेटीखाली जाऊन उकरू लागली. राजेंद्रने दगड उडवला होता त्याच पेटीखाली. न्यायच्या म्हणून रुपालीने पहाटेच पेट्यांची दारं बंद केली होती. काल बाहेर राहिलेल्या पाचपन्नास माश्या दाराशी घोटाळत होत्या. एक बोडकीच्या उघड्या मानेवर बसली, चालली, उडाली. बोडकीने ढुंकूनही बघितलं नाही.

माझ्या हातातला गोटा खाली पडला. तांदूळ निवडताना रुपाली काय म्हणाली होती ते मला शब्दन् शब्द आठवलं.

ती एक पेटी खाली उतरवून तिला दोरी बांधत होती. मी जवळ गेले.

"रुपाली, दोरी सोड."

"शब्द दिलाय, आत्या."

"डालगं म्या घातलं. सुटल्या असत्या तर जगल्या असत्या. माश्यांचं नाव कशाला, म्या मारल्या."

तिने गाठ मारायची थांबवली नाही. "म्हाईत हाय मला."

"काय म्हाईत हाय?"

"काल फाटकातून आले तवाच कळलं. सगळ्या एका गोलात पडलेल्या. मोकळी कोंबडी अशी मरती व्हय?"

"मग बोलली का न्हाईस? पेट्या कशाला पाठवतीस?"

आता तिने वर बघितलं. "तुमच्या सासूबाई डालग्यावर बसल्या, ही गोष्ट तुमी मला किती येळा सांगितली, आत्या! आन् मी कुठल्या तोंडानं सांगू, की त्याच डालग्यानं…" ती परत गाठीकडे वळली. "नाव माश्यांवर गेलं तर गेलं, म्हणलं."

डालगं उचललं तेव्हासुद्धा मी इतकी हबकले नव्हते. दोन वर्षं जपलेल्या पेट्या ही पोरगी माझ्यासाठी टेम्पोत घालायला निघाली होती. मी उरलेलं आयुष्य स्वतःला नाही, माश्यांना शिव्या देत काढावं, म्हणून.

फाटकाबाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. ड्रायव्हर आत आला. "मावशी, जरा सरका. पेटी उचलायचीय."

माझे गुडघे दुखतात, पटकन बसता येत नाही. तरी मी बसले. त्या पेटीवर. लाकडातून गुणगुण अंगात चढत होती.

"उचल," मी म्हणाले. "आधी मला उचल."

ड्रायव्हर रुपालीकडे बघू लागला. तिने दोरी हातातून खाली टाकली. तोंडावर पदर धरून ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही.

"रुपाली," मी म्हणाले, "दारं उघड त्यांची. लय येळ कोंडल्यात."

"उघडते," ती म्हणाली. "आधी तुमी उठा तरी."