गाडीसमोर बोलायचं नाही

मला कुठल्याच गाडीत झोप लागत नाही. आईच्या व्हॅनमध्ये तर शक्यच नव्हतं. डाव्या दाराचा खडखडाट, तिसऱ्या गिअरची किरकिर, सीटखाली घरंगळणारी कुणाची तरी वॉटरबॅग, सगळं मला वेगवेगळं ऐकू यायचं. शाळेत बाईंचं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही, पण गाडीचं सगळं शिरतं.

माझी आई, हिरा, म्हणजे धायरीतल्या व्हॅनवाल्या काकू. बाबांची भोसरीची कंपनी बंद पडल्यापासून आमचं घर त्या व्हॅनवरच चालायचं. फेब्रुवारीत अकरा पोरांना घेऊन व्हॅन राजाराम पुलावर बसली ती उठलीच नाही. आईने पोरांना दोन-दोन करून रिक्षात घातलं, शेवटच्या पोराच्या आईची बोलणी खाल्ली आणि घरी येऊन चहा न पिता झोपली.

मग आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली उत्कर्षा आली. ती हिंजवडीला आयटीत आहे, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घालूनच जन्मल्यासारखी फिरते.

"काकू, आम्ही चौघी जणी इथून जातो. कंपनीला सांगितलंय, पिकअपला बाईच ड्रायव्हर हवी. ते तयार आहेत. पण गाडी तुमची पाहिजे. एक तारखेपासून पंधरा दिवस ट्रायल."

"ट्रायलमध्ये काय बघतात?" मी विचारलं.

"गाडी एकदा जरी रस्त्यात बसली, तर दुसऱ्याला देतात. एकदाच."

आई माझ्याकडे बघत होती. नवी कोरी गाडी काही आमच्या पुढ्यात येणार नव्हती. जुनीच घ्यायची, भरपूर पळालेली, आणि तरी एकदाही न बसणारी. कोळशाच्या खाणीत काम कर पण हात काळे करू नकोस, तसलं काहीतरी.

"तू चल माझ्यासोबत," आई म्हणाली. आईचं माहेर यवतमाळचं, रागावली किंवा घाबरली की तिची भाषा तिकडे जाते. "मले गाडी चालवता येते, पारखता येत नाही. तुले दिसते सगळं."

पहिली गाडी अभयशेठची. त्याचं ऑफिस कसब्यातल्या एका बोळात, म्हणजे एक टेबल आणि एक पंखा. गाड्या खाली नदीपात्रात, ओळीने उन्हात तळपत होत्या. त्यातली एक लाल त्याने आम्हाला दाखवली. इतकी चकाचक की तिच्यात माझं तोंड दिसत होतं. मीटरवर फक्त अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर.

"पहिली मालकीण डॉक्टर. फक्त देवळात जायला वापरली," अभयशेठ म्हणाला. "तीन दिवस झाले, जागची हलवली नाहीये."

मी खाली वाकून बघितलं. क्लचच्या रबराची नक्षी पार पुसली होती, तळव्यासारखं गुळगुळीत झालं होतं ते. स्टिअरिंगही दोन बाजूंना घासून चकाकत होतं.

"देऊळ कुठं होतं, काशीला?" मी म्हटलं.

"म्हणजे?"

"अठ्ठेचाळीस हजारात एवढा क्लच कोण दाबतं? मीटर उलटा फिरवलाय तुम्ही." मग मी बॉनेटवर हात ठेवला. गरम. उन्हाने पत्रा तापतो तसं नाही, आतून येणारं गरम. "आणि तीन दिवस हलली नाही म्हणता? आम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलीत. थंड चालू केली असती तर धूर दिसला असता, हो ना?"

अभयशेठने आईकडे बघितलं. "ताई, मुलीला आज शाळा नाही का?"

तिथे माझं डोकं फिरलं. मी त्याला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. आईने दंडाला धरून मला पार लकडी पुलापर्यंत ओढत नेलं.

शाळेचं असं की नववीत असताना बाईंनी फळ्यावर गणित चुकवलं. मी सांगितलं. बाई म्हणाल्या, सगळ्या वर्गासमोर माफी माग. माझं बरोबर होतं, मी का मागू? मी दप्तर उचललं आणि निघाले. दोन वर्षं झाली. माफी तिथेच, त्या वर्गात, माझी वाट बघत बसली असेल.

परत येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी त्या लाल गाडीचा विचार करत होते. माणसाचा मीटर असा उलटा फिरवता आला तर? अभयशेठ मला धुऊन पुसून नववीच्या बाकावर बसवेल आणि म्हणेल, फक्त देवळात जायला वापरली. पण क्लचचं रबर कुठं लपवणार?

हडपसरपुढच्या मांजरी गावातली दुसरी गाडी आईला टायरवाल्याकडून कळली. एका ऊसतज्ज्ञ साहेबांची होती. साहेब दिवाळीत अमेरिकेला मुलाकडे गेले, तिकडचेच झाले. जाताना ड्रायव्हरला, बापूरावांना, सांगून गेले की गाडी चांगल्या हातात दे. एक तारखेला चार दिवस उरले होते.

आम्ही सकाळी गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधूनच एखादी अर्धवट बांधलेली इमारत वर आलेली, सळया आकाशात. वारा आला की सगळा ऊस एका बाजूला झुकायचा आणि ती इमारत तेवढी चालत पुढे गेल्यासारखी वाटायची. बापूरावांचं घर चिंचेखाली. पायजमा, टोपी, बारीक डोळे. गाडीवर जुन्या सतरंज्या जोडून शिवलेलं पांघरूण होतं. ते त्यांनी असं हळू काढलं की जणू आत कुणी निजलंय.

पांढरी गाडी. साधी. चकाकत नव्हती, पण स्वच्छ होती.

बापूराव आईला हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, देण्याघेण्याचं काय बोलायचं ते तिकडं गोठ्यापाशी बोलू. हिच्यासमोर न्हाई."

मला वाटलं आई हसेल. आमच्याकडे लिंबू-मिरची नाही, दृष्ट नाही, अमुक वार नाही. आजोबांनी छप्पन साली नागपुरात ते सगळं सोडलं. पण आई हसली नाही. तिने नुसती मान हलवली आणि बापूरावांमागून गोठ्याकडे निघाली.

मी आत बसून किल्ली फिरवली. मीटर उजळला. दोन लाख सत्त्याऐंशी हजार चारशे बारा.

"आई!" मी ओरडलेच. "अगं, पावणेतीन लाखांच्या वर गेलीय ही! ही गाडी आहे का भंगार? आठ दिवसांत रस्त्यात बसेल. कोण घेणार हिला?"

गोठ्यापाशी दोघं थांबली. बापूराव चालत आले. रागावलेले नव्हते, तेच वाईट होतं.

"उतर बाळ."

मी उतरले. त्यांनी दार लावलं, पांघरूण घातलं, कोपरे खाली ओढून नीट केले.

"नऊ वर्सं झाली. हिच्यासमोर कुणी असं बोललं न्हाई. विकायचं तर आमी सायबांसंगबी लांब जाऊन बोललो. गाडी देणार न्हाई, ताई."

"दादा, माफ करा," आई म्हणाली. "हिच्या तोंडाला ब्रेक नाही."

"मंग घरात बिनब्रेकचं एक हाय की. आनखी गाडी कशाला?"

आईचा चेहरा राजाराम पुलावर होता तसा झाला. मला म्हणाली, "काहून बोलतेस वं तू? काहून?" एवढंच. मी चिंचेच्या पानांकडे बघत राहिले. आईच्या एक तारखेवर मी पाय दिला होता.

बस दुपारी होती. बापूराव दारातूनच पुटपुटले, "उन्हात बायामाणसांना चालत कसं धाडू. हडपसरला गाडीतळावर सोडतो." पांघरूण पुन्हा निघालं. त्यांनी गाडी चालू केली. सकाळपासूनची थंड गाडी, एका दमात चालू झाली. मागे धूर बघायला मी वळलेसुद्धा. चिंचेखालची धूळ तेवढी उडाली.

मांजरीच्या रेल्वे फाटकाशी थांबलो. आगगाडी यायची होती. मी मागे बसले होते, मधल्या फटीतून त्यांचे पाय दिसत होते. ॲक्सिलरेटरचं रबर घासून पातळ झालं होतं, पण क्लचच्या रबरावरच्या रेघा अजून स्पष्ट होत्या. बोटाने मोजता आल्या असत्या.

"काका, ही शहरात चाललीच नाही का?"

ते आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "सायबांचं काम सगळं बाहेरगावी. कोल्हापूर, सांगली, बेळगाव. ऊस बघत हिंडायचो. सरळ रस्ता, एक गिअर, सकाळचं निघायचं."

म्हणजे पावणेतीन लाख होते, पण सुखाचे होते. रोज सिग्नलला पन्नासदा क्लच दाबून चिरडलेले नव्हते. आणि मीटर खरा होता. कुणी लपवायचा असता, तर हाच आकडा आधी लपवला असता. माझ्या डोळ्यांसमोर होतं सगळं, मी आकडा बघून आंधळी झाले. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी ऐकत होती ना.

आगगाडी गेली. फाटक वर गेलं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, आत कुठे काही सुटं नव्हतं, कशावर बोट ठेवायला जागा नव्हती. ऊस मागे जात होता, हिरवा, मग पिवळट, मग पुन्हा हिरवा. सीटला उन्हाचा आणि जुन्या रेक्झिनचा वास होता. मी आवाज शोधत होते. शोधत होते.

मीटर उलटा फिरायला लागला. कुणी फिरवत नव्हतं, आपणहून, एकेक आकडा चिंचेच्या पानासारखा गळत होता. ऊस बुटका झाला, गुडघ्याएवढा झाला, मातीत गेला. इमारतींच्या सळया खाली गेल्या. बापूरावांचे केस काळे झाले, शेजारच्या सीटवर एक साहेब येऊन बसले आणि खिडकीतून हात बाहेर काढून पिकांना काहीतरी सांगू लागले. धायरीला विहीर आली. आईच्या व्हॅनला रंग आला, तिच्यात अकरा पोरं चढली, त्यातली एक मी. गाडी थेट वर्गात शिरली, बाकांमधून, कुणाला धक्का न लावता, आणि बाई फळ्यापाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बोल." मी तोंड उघडलं, आणि

आवाज कधीचाच थांबला होता. मी जागी झाले.

गाडीतळ. माणसं, बसेस, भेळेची गाडी. गाडी बंद होती. आत मी एकटीच, तोंडाला लाळ, गालावर सीटच्या शिवणीचा वण. आई आणि बापूराव लांब, रस्त्यापलीकडे एका पिंपळाखाली उभे होते, कुजबुजल्यासारखे बोलत होते. मी दचकले. मी झोपले होते. मी, गाडीत.

आई रस्ता ओलांडून आली. खिडकीत वाकली.

"वीस मिनिटं झोपलीस तू. लहानपणी तापात झोपायचीस तशी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन, कळलं नाही. मग आणखी खाली वाकून, आवाज अगदी बारीक करून म्हणाली, "ते देतो म्हणतात. तुले झोपलेली पाह्यलं आरशात. पण एक आहे. तू हिला बोललीस, आता तूच हिला बोलून मिटव म्हणतात."

"गाडीला? आई, इथं शंभर माणसं आहेत!"

"माझा काही विश्वास नाही त्याच्यावर. पण त्यांचा आहे, आणि गाडी त्यांची आहे."

"मी नाही बोलणार."

आई सरळ उभी राहिली आणि बस येते का बघायला लागली. त्या बघण्याने मला पार उलटंपालटं केलं.

मी उतरले. भेळवाला बघत होता. दोन कॉलेजची पोरं बघत होती. बापूरावांनी मात्र पिंपळाकडे तोंड केलं होतं, पाठ माझ्याकडे. बाईंनी कधी अशी पाठ फिरवली नसती. वर्गात माझं बरोबर होतं, तिथे गप्प राहणं सोपं होतं. इथे चूक माझी होती, म्हणून जीभ जड झाली होती. मी बॉनेटवर हात ठेवला. कोमट होतं, झोपेतल्या माणसाच्या कपाळाएवढं.

"चुकले," मी म्हटलं. मग वाटलं, एवढ्यावर भागणार नाही. आणखी दोन वाक्यं बोलले. ती तिची आणि माझी.

"काय गं, गाडीची पूजा का?" त्यातला एक पोरगा म्हणाला.

"तुझ्या बापाची विचारपूस करतेय," मी म्हटलं. सगळाच स्वभाव काही एका दुपारी बदलत नाही.

एक तारखेला सकाळी साडेसहाला मी पुढच्या सीटवर होते. पहिल्या दिवशी चल म्हणाली आई, तिला आवाज ऐकायला कुणीतरी हवं होतं. चौघी मागे दाटीने बसल्या, डबे मांडीवर, गळ्यात पट्टे. उत्कर्षाने पुढे वाकून मीटर बघितला.

"बाप रे, काकू, ही तर..."

मी मागे वळून तिच्या तोंडावर हातच ठेवला. "हिंजवडीत उतरलो की सांगते. लांब जाऊन. इथे नाही."

ती हसली, पण गप्प बसली. वारज्याचा चढ आला. आईच्या हातांची पकड घट्ट झाली. याच चढावर व्हॅन रडायची. गाडी चढली, तशीच, तोच आवाज. खाली नदीवर धुकं होतं आणि पलीकडे शहर अर्धंच उगवलं होतं. एकीचं डोकं खिडकीला टेकलं. दुसरीचं तिच्या खांद्यावर, तिसरीचं मांडीवरच्या डब्यावर. पाषाणची टेकडी येईपर्यंत उत्कर्षालाही झोप लागली, तोंड उघडं, पट्टा घसरलेला.

आईने आरशात बघितलं. मग माझ्याकडे.

मी बोटानेच दाखवलं, चार. आईच्या हातांची पकड सैल झाली.