दारातल्या उताराची फळी

मी प्लायवूडची फळी बोलतेय. जरा भराभर बोलते, कारण जावईबापूंनी रंगाचा डबा उघडलाय आणि माझा जीव थाऱ्यावर नाही.

माझा जन्म कारखान्यातला. लाकडाचे पातळ थर, मध्ये गोंद, वरून दाब. कपाटाची पाठ, पलंगाचा तळ, अशी घरातली कामं माझी. पाणी सोसणारा प्लाय वेगळा मिळतो. दुकानदारानं विचारलंही होतं, "बाहेर लावायचाय का?" जावईबापू म्हणाले, "रंग देतो की." झालं!

या घरात लेक, जावई आणि लेकीची आई. पाय गेल्यापासून आई चाकांच्या खुर्चीत. दाराला पायऱ्या, म्हणून जावईबापूंनी मोठ्या हौसेनं त्यावर उतार केला आणि मला वर ठोकलं. वरून छान हिरवा रंग दिला. कडा मात्र तशाच कोऱ्या. अहो, आम्ही पाणी पितो ते कडांनीच! पण सांगणार कुणाला?

पहिल्या दिवशी आई फाटकापर्यंत गेल्या, शेजारणीशी मनसोक्त बोलल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू.

पुढे ओल आत शिरली. थर सुटले, मधोमध मी मऊ पडले. एकदा खुर्चीचं चाक जरासं रुतलं आणि आईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बोलल्या मात्र काही नाहीत. जावयाच्या कामाला नाव कसं ठेवायचं? त्यानंतर रोज नवं कारण. आज ऊन आहे. आज कंटाळा आलाय. दारातूनच शेजारणीला हात करायच्या.

लेक चिडली. "आई, एवढा उतार करून दिला त्यांनी, आणि तुला बाहेर पडायलाच नको!"

माझी नुसती तगमग. येता-जाता मी करकरत होते, तर जावईबापूंनी दाराच्या बिजागरीला तेल घातलं.

मग आईंना दवाखान्यात न्यायचं ठरलं. म्हणजे खुर्ची माझ्यावरून जाणार! सकाळी वाट मोकळी करायला जावईबापू मोठी कुंडी उचलून निघाले. म्हटलं, मोडायचंच आहे तर आत्ता, यांच्या पायाखाली. आणि मोडले. पाय घोट्यापर्यंत आत, कुंडीचे तुकडे.

"लागलं का हो?" आई दारातून म्हणाल्या.

"नाही. पण तुम्ही खुर्चीत असता तर?" ते पांढरे पडले होते.

"मऊ लागत होतं खरं."

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या हौसेनं केलंत. कुठल्या तोंडानं बोलू?"

"म्हणून घरात बसून राहिलात, आई?"

जावईबापूंनी तिथेच माझे खिळे उपसायला घेतले.

आता मी कुंपणाला टेकून आहे, उसवलेली. पाणी सोसणारी नवी फळी आलीय. पण तिच्याही कडा कापलेल्या, त्याही रंगवायला हव्यात. जावईबापूंनी वरची बाजू रंगवली. मागे सरून कौतुकानं पाहिली. ब्रश पुसला. अरे देवा, डब्याला झाकण लावतायत!

दारात आई बसल्यात. त्यांनी फळीकडे पाहिलं, मग जावयाकडे. पदराशी चाळा केला. बोला हो, आई. एवढं एकदा बोला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "कड राहिली."

"कुठली?"

"सगळीच. आणि खालची बाजूसुद्धा."

जावईबापू हसले आणि त्यांनी झाकण काढलं. भंगारवाला फाटकाशी आलाय. येते मी.